‘घडी’साठी दुसरं माणूस

…आणि विचारलं किती गोड आवाजात, म्हणजे चहात साखर किती घालू असं विचारावं ना, तसं. ‘समजा, उद्या तुम्ही बसखाली आलात, तर?’

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं असतं? मी लॅपटॉपसमोर बसलेली, वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा, खांद्यावर ठमाने ओकलेल्या दुधाचा डाग, आणि तो कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मान तिरकी धरलेली. ठमा म्हणजे माझी लेक, नऊ महिन्यांची. पलीकडे सासूबाई तिला भरवत होत्या, त्यांचा चमचा हवेतच थांबला, ठमा तोंड उघडून वाट बघतेय, ज्यांच्याकडे मी कामासाठी पैसे मागितलेत त्या निधीवाल्या बाई पडद्यावरून वाट बघताहेत, आणि मी बसखाली. काय बोलणार? मी म्हटलं, ‘बघते.’

माझं हे असंच आहे हो. कोणी काही मागितलं की तोंडातून ‘नाही’ निघत नाही, ‘हो’ म्हणायची छाती होत नाही, मग ‘बघते’. दूधवाला सुट्टे मागतो, बघते. शेजारीण म्हणते कधीतरी या, बघते. लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा मी ‘बघते’च म्हटलं होतं, आणि नवरा म्हणतो, तू अजून बघतेच आहेस.

तर त्या बाई तशा वाईट नाहीत हं. आमच्या धंद्यातला हा नेहमीचा प्रश्न आहे. एखादं काम बंद पडायला किती माणसं बसखाली यावी लागतील, तो त्या कामाचा बसचा आकडा. आकडा जितका मोठा तितकं काम भक्कम. माझ्या कामाचा आकडा एक. आणि तो एक म्हणजे मी, मान तिरकी धरून बसलेली. कॉल संपला तशा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ही माणसं तुला पैसे देणार आहेत की तुझी सुपारी?’ नवरा शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आखतो, तो घरी आला, त्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. मला वाटलं काळजीने. म्हणतो, ‘आमच्याच बसखाली का? ट्रक नाही का चालणार त्यांना?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबण आणायला निघाले तर सासूबाई चपला घालून तयार. म्हणाल्या, स्टॉपपर्यंत येते तुझ्याबरोबर, तू मागे उभी राहत जा जरा.

आता काम काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सर्कशीत आहे. कसं असतं, मजकूर असतो लांबलचक आणि स्टिकर असतो एवढासा. औषधाची बाटली घ्या, पार्सल घ्या, वाचनालयातलं पुस्तक घ्या, त्यावर चिकटवलेला कागद. त्यावर मजकूर मावायचा तर ओळ कुठे तोडायची, अक्षर किती लहान करायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारा एक छोटासा संगणकाचा कोड मी लिहिलाय. पहिल्या नोकरीत, कंटाळा आला होता म्हणून. कपड्याची घडी घालतो तशी मजकुराची घालायची, म्हणून नाव ठेवलं ‘घडी’. आणि तरुणपणाच्या उत्साहात तो खुला करून टाकला. खुला म्हणजे, कोणीही घ्या, वापरा, फुकट, आणि काही बिघडलं तर कोणीही दुरुस्त करा. यातलं पहिलं वाक्य जगभर पोचलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत वाचत अजून कोणी आलेलं नाही.

कुठे कुठे पोचलाय ते मलाही माहीत नव्हतं. ठमाच्या वेळी रक्त तपासायला गेले, तिथल्या माणसाने नळीवर स्टिकर चिकटवला आणि मी बघते तर डाव्या बाजूला एक बारीकशी जास्तीची मोकळी जागा. ती जागा म्हणजे माझी जुनी चूक, नंतर मी सुधारली, पण यांच्याकडे जुनंच चालू. माझा ऊर असा भरून आला, मी त्याला म्हटलं, ‘अहो, हे माझं आहे.’ तो म्हणाला, ‘हो, तुमचंच आहे, दंड दाबून धरा.’

तर एवढ्या सगळ्या नळ्या, बाटल्या, पार्सलं आणि त्यांच्यामागे मी एकटी, नोकरी सांभाळून. तेव्हा जमायचं. मग ठमा आली, नोकरी सुटली. आता घडीचं काम ठमाच्या झोपेत, आणि ठमाची झोप म्हणजे काय सांगू, पोरगी एक डोळा उघडा ठेवून झोपते. लॅपटॉपचं झाकण उघडल्याचा आवाज तिला तीन खोल्यांपलीकडून कळतो. इकडे घडीचं तक्रारींचं पान भरत चाललेलं. हे पान सगळ्यांना दिसतं, कोणीही तिथे लिहू शकतो, आणि कोणीही लिहितो. ‘खालची ओळ कापली जाते.’ मी म्हटलं, बघते. ‘गोल स्टिकरवर चालेल असं करा ना.’ मी म्हटलं, बघते. ‘अक्षरांना सावली देता येईल का?’ अहो, औषधाच्या बाटलीवर सावली कशाला… पण मी म्हटलं, बघते. आणि मग आठवड्याने तोच माणूस, ‘काही अपडेट?’ एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही, ‘काही अपडेट?’ कधीकधी ठमाला मांडीवर थोपटताना मला वाटायचं, ही पण एक दिवस तोंड उघडेल आणि पहिला शब्द काढेल, ‘काही अपडेट?’

या सगळ्यांत एक गृहस्थ. त्यांना मी मनात खडूस म्हणते. औषधांच्या दुकानांची एक साखळी आहे, तिथले संगणक बघतात. त्यांची तक्रार आली की मी आधी बाकीच्यांच्या उघडायची, कारण त्यांची खरी असायची. एकदा लिहिलं, ‘अमुक फाईल, तमुक ओळ, इथे तुमचं गणित चुकतंय. रिकाम्या पोटी घेऊ नये, यातलं घेऊ-पर्यंत छापलं आणि नये गायब. लाज वाटायला हवी.’ आता तुम्ही विचार करा, रिकाम्या पोटी घेऊ. नये गायब. मी ठमाला एका हातात धरून, दुसऱ्या हाताने, ती रडतेय, मी रडतेय, अशी ती चूक दुरुस्त केली. त्यांनी ती बाटली दुकानाबाहेर जाण्याआधीच पकडली होती म्हणून, नाहीतर… त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. म्हणजे मी ठमाच्या उचकीलासुद्धा घाबरते, ती भीती वेगळी. ही वेगळी. म्हटलं, मी अशी झोपेत काम करत राहिले तर कोणाच्या तरी पोटात भलतंच जाईल. एकतर हे बंद करायचं, नाहीतर दिवसातले काही तास धडपणे जागं राहून करायचं. आणि जागं राहायचं तर ठमाला अर्धा दिवस पाळणाघरात ठेवायला हवं, सासूबाईंचे गुडघे आता तिच्या मागे रांगण्यातले राहिले नाहीत, आणि पाळणाघर काही ‘काही अपडेट?’वर चालत नाही.

म्हणून तो निधी. असे खुले कोड सांभाळणाऱ्यांना पैसे देणारी संस्था आहे एक. मी अर्ज केला, त्यांना घडी आवडली, सगळं छान, फक्त एक अट. बसचा आकडा. बाई म्हणाल्या, ‘एकाच माणसावर चालणाऱ्या कामाला आम्ही पैसे देत नाही. दुसरं माणूस शोधा. मग दोन आठवडे तुमच्या चाव्या बंद, म्हणजे तुम्ही कोडला हात लावायचा नाही. दुसऱ्याने चालवून दाखवलं की पैसे.’ म्हणजे बघा हं. माणूस मिळायला पैसे नाहीत म्हणून मी पैसे मागायला गेले, तर म्हणे पैसे मिळायला आधी माणूस आणा. आणि दुसरा माणूस फुकटात मिळत असता तर मी तुमच्याकडे मान तिरकी करून कशाला बसले असते? असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बघते.

मग मी घडीच्या पानावर जाहीर आवाहन टाकलं. ‘मदत हवी आहे.’ संध्याकाळपर्यंत त्याखाली हृदयं आणि अंगठे यांचा खच. एवढं प्रेम, एवढं प्रेम, की मला वाटलं आपण गेलो की काय. कामाला मात्र कोण? एकाने लिहिलं, मी लोगो करून देतो. एक म्हणाला, हे सगळं पुसून नव्या भाषेत लिहायला हवं, तुम्ही सुरू करा, मी सूचना देईन. एकाने आपण एकमेकांशी कसं वागावं याची नियमावली करू म्हणून सुचवलं, आणि त्यावर दोघांचं भांडण झालं. नवरा म्हणाला, ‘मी करतो ना, शिकव मला.’ आता हाच माणूस ठमाचे कपडे उलटे घालतो आणि म्हणतो बटणं मागे असण्याची फॅशन आहे. मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, ‘आमच्या डेपोत कसं, एक राखीव ड्रायव्हर असतो. दिवसभर खुर्चीत बसून असतो, पेपर वाचतो. कोणी आजारी पडला तर तो निघतो. नाही पडलं तर बसून राहायचा पगार.’ मी विचारलं, ‘बसून राहायचा?’ म्हणाला, ‘हो.’ मी पुन्हा विचारलं. मला त्या माणसाला एकदा नुसतं बघायचं होतं.

शेवटी मी हिशोब केला, साधाच, की घडीचा सगळा कोड पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याशिवाय कोणी वाचलाय? हृदयवाल्यांनी नाही. लोगोवाल्याने नाही. एकाच माणसाने. चुका काढायला वाचला असेल, पण वाचला. मी खडूसांना लिहिलं. लिहिताना अशी घाबरले होते की काय सांगू, चार वेळा ‘आदरणीय’ घातलं आणि काढलं. म्हटलं, तुम्ही माझ्याबरोबर घडी सांभाळाल का, पैसे मिळाले तर वाटून घेऊ. उत्तर आलं, ‘मला वाटलं होतं तुम्ही कधीच विचारणार नाही. चाव्या पाठवा. आणि सातव्या फाईलमधला तो गोंधळ तुम्ही केलाय का?’

मी केला होता.

तर ते दोन आठवडे. चाव्या बंद, पण पान सगळ्यांना दिसतं ना, म्हणजे मला वाचता येतंय पण उत्तर देता येत नाही. काचेपलीकडे दुसरं कोणी आपल्या लेकराला आंघोळ घालतंय आणि आपण नाक लावून उभं, अगदी तसं. सासूबाई म्हणाल्या, ‘फोन ठेव.’ मी म्हटलं, बघते. त्या म्हणाल्या, ‘बघू नकोस, तेच तर सांगतेय.’ ठमाला त्यांच्याकडे सोडून मी दळण आणायला जाते म्हणून गेले, जाताना त्यांना सगळ्या सूचना सांगितल्या, झोपवायचं कसं, कुशीवर कोणत्या, थोपटायचं किती जोरात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अगं, मी तुझ्या नवऱ्याला वाढवलंय.’ मी डबा उचलला आणि निघाले. परत आले तर पोरगी झोपलेली, दोन्ही डोळे मिटून. म्हटलं, रडली का? म्हणाल्या, ‘कशाला?’

आणि तिकडे खडूस. अहो, काय त्यांची उत्तरं. एका बिचाऱ्याने विचारलं, हे सुरू कसं करायचं? खडूस, ‘सूचना लिहिल्यात. वाचा.’ सावलीवाल्याला, ‘नाही.’ एवढंच. नाही. माझ्या सगळ्या ‘बघते’ म्हणून ठेवलेल्या जुन्या तक्रारी त्यांनी एका दुपारी बंद केल्या, प्रत्येकीखाली एक ओळ, ‘हे होणार नाही.’ मी लाजेने लालबुंद, वाटलं आता लोक चिडणार, सोडून जाणार. तर सावलीवाल्याने लिहिलं, ‘बरं झालं सांगितलंत, मी दुसरं काही वापरतो.’ म्हणजे तो इतके महिने माझ्या ‘बघते’वर बसून होता.

मग आली ती मोठी कंपनी. त्यांची तक्रार मला आधीपासून माहीत होती, पार्सलं पाठवणारे लोक, दर महिन्याला लिहायचे, ‘आमच्या लाखो ग्राहकांसाठी हे तातडीने हवे आहे.’ मी दर महिन्याला ‘बघते’ आणि मग ठमाला पाळण्यात टाकून ते करायची. खडूसांनी काय लिहावं? ‘तातडीचं आहे तर तुमचं एक माणूस द्या. आठवड्यातून एक दिवस, पगार तुमचा, काम इथलं.’ मी फोन उशीखाली लपवला. म्हटलं, संपलं, आता वकिलाची नोटीस. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर, ‘ठीक आहे, कोणाशी बोलायचं?’ आणि खरोखर एक मुलगी दिली त्यांनी, हुशार, दर गुरुवारी. एवढी वर्षं मी आजारपणात, बाळंतपणात त्यांची कामं करत होते आणि मला कधी सुचलं नाही की त्यांच्याकडे मागता येतं. मागायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

एकच गोष्ट झाली. खडूसांनी नवी आवृत्ती काढली आणि वाचनालयांचे स्टिकर बिघडले, सगळा मजकूर एका ओळीत, पुस्तकाच्या कण्यावरून बाहेर. मला दिसलं, एका खुणेची चूक, मी असते तर निमिषात… पण चाव्या बंद. हाक मारायची नाही, फोन करायचा नाही, निधीच्या बाईंनी बजावलेलं. परक्यासारखी तक्रार मात्र करता येते. तर मी आयुष्यात पहिल्यांदा घडीची तक्रार करायला बसले. तक्रारीचा नमुना मीच केलेला. अहो, काय तो नमुना. कोणतं यंत्र, कोणती आवृत्ती, काय अपेक्षा होती, काय झालं, पुन्हा करून पाहिलं का, आधी कोणी तक्रार केलीय का ते शोधलं का… तिसऱ्या प्रश्नाला मी वैतागले आणि नुसतं लिहिलं, ‘वाचनालयाचे स्टिकर चालत नाहीत.’ लगेच खडूस, ‘आवृत्ती? पायऱ्या?’ मी लिहिलं, ‘अहो, मी आहे.’ ते म्हणाले, ‘माहीत आहे. पायऱ्या लिहा.’

लिहिल्या. दुरुस्त झालं. गुरुवारच्या मुलीने केलं, आणि मी केलं असतं त्याच्यापेक्षा नीटच केलं, हे मला इथे सांगायलाच हवं का? हवं.

निधीच्या बाई खूश. म्हणाल्या, ‘तुमचा आकडा आता तीन.’ सासूबाईंनी आतून विचारलं, ‘आणखी दोघं मेली का?’ त्यांना समजावलं. पैसे मंजूर झाले, वाटून झाले, माझ्या वाट्याला जे आलं त्यात मोठं रंगीत पाळणाघर बसेना, पण पलीकडच्या गल्लीत एक पालकांनीच मिळून चालवलेलं पाळणाघर आहे, ते बसलं. दोन खोल्या, खाली गाद्या, खिडकीला जाळी, एक शांत बाई सांभाळायला. ठमाला सोडलं, तिने मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं, बऱ्याच वेळा. मग घरी आले, लॅपटॉप उघडला, कोणी रडलं नाही, आणि मी सकाळभर एक ओळ तपासत बसले, सावकाश, दोनदा, ते ‘नये’ शेवटपर्यंत छापलं जातंय ना म्हणून. छापलं जात होतं. मला वाटलं, चला, सुटले.

मग शनिवारी त्या पाळणाघरात पालकांची बैठक होती. लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे मोठे लोक, गुडघे कानापर्यंत आलेले. तिथल्या सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, इथली फी कमी आहे कारण बाकीची कामं पालकच करतात, आणि खेळणी धुणं, मोडलेली दुरुस्त करणं, हे ज्या बघायच्या त्या दुसऱ्या गावी गेल्या, तर आता ते कोण घेणार? एक बाबा खिडकीची जाळी बघायला लागले. एक आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, आणि तिला ते सापडेना. किती वेळ ती शांतता. मला शांतता सहन होत नाही हो. मी मनात म्हणत होते, कोणीतरी हो म्हणा, कोणीतरी म्हणा, आणि तेवढ्यात त्या बाईंचा चेहरा एकदम उजळला, ‘थँक्यू हं,’ म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं. कोण भली बाई तयार झाली म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, तर सगळे माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते.